एका महिन्याच्या बहिणी

दोल्नो ब्रेझे, १ मार्च

इस्क्रा,

आज आजी मार्चचा सण, वसंताचा पहिला दिवस. सोबत लाल-पांढरा दोरा आहे, मनगटाला बांध. आईने वळलाय, मी नाही, तेव्हा घ्यायला हरकत नाही. मिनीबसवाल्याच्या हाती देते आहे, म्हणजे सोमवारपर्यंत बोलोन्यात पोचेल. फोन करत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी भांडेन, आणि भांडले की मला धाप लागते. लिहिताना धाप लागत नाही, नुसती बोटं दुखतात.

मी बरी आहे. उपचार संपून सव्वा वर्ष झालं, तपासण्या स्वच्छ आहेत. डावा स्तन गेला त्याचं लोकांना वाटतं तेवढं मला वाटत नाही. तीस वर्षं कारखान्यात बायकांचे कोट शिवले, एका बाजूला कापूस भरून कपडा अंगावर कसा बसवायचा ते मला कुणी शिकवायला नको. आता रोज एक गोळी घ्यायची, पाच वर्षं. ती गोळी अंगातलं उरलंसुरलं बाईपण आटवते, म्हणजे रोगाला खायला काही उरत नाही. सांधेही आटतात, हे डॉक्टरबाईंनी मी दारापर्यंत पोचल्यावर सांगितलं.

सकाळी उठते तेव्हा दोन्ही मुठी वळलेल्या असतात. उजव्या हाताने डाव्याची बोटं उघडावीत, तर उजव्याचीही मिटलेली. शेवटी दातांनी एक बोट सोडवते आणि त्याने बाकीची. जिना मी आडवी होऊन उतरते, खेकड्यासारखी. आई खालून बघते.

परवा दुकानात शेजारची तोत्का मागून म्हणाली, "स्तोयनाकाकू, जरा सरका की, पाव घेऊ द्या." मी वळले. तिचा चेहरा पडला. "अगं बाई, रायना तू! मला वाटलं तुझी आई." आई एकोणऐंशीची आहे, इस्क्रा, आणि मी एक्कावन्नची. त्या शरमेपोटी तोत्काने मला घरी नेऊन कॉफी पाजली, आणि कॉफीबरोबर जे सांगितलं त्यासाठी हे पत्र.

एकाच महिन्यात जन्मलेल्या भावंडांबद्दल आपल्याकडे काय म्हणतात ते तुला सांगायला नको. पण सांगतेच, बारा वर्षं परक्या देशात राहून विसरली असशील. तू नोव्हेंबरची, मी नोव्हेंबरची. तू पाच वर्षांनी मोठी असलीस तरी आपण एका महिन्याच्या बहिणी. एक मेली की ती दुसरीला ओढते. म्हणून शवपेटी खाली सोडण्याआधी मेलेलीच्या आणि जिवंत असलेलीच्या पायात घोड्याची बेडी घालतात. कुणी तिसरं ती उघडतं, "आजपासून तुझी बहीण मी" म्हणतं, आणि जिवंत असलेली मोकळी होते.

हे मेल्यावर करतात, इस्क्रा. मेल्यावर! मी शहरात इस्पितळात होते, केस गळत होते, पण श्वास चालू होता. त्या ऑक्टोबरात तोत्काने कुंपणावरून पाहिलं. आपल्या अंगणात, अक्रोडाखाली, बेडी पडलेली. एका कड्यात माझी घरातली सपात आणि दुसऱ्यात तुझा काळा बूट.

तू त्या आठवड्यात सुट्टीवर आली होतीस. मला भेटायला दोनदा आलीस, संत्री आणलीस. बस, एवढंच लिहायचं होतं.

रायना


दोल्नो ब्रेझे, २१ एप्रिल

इस्क्रा,

कॉफी आणि सांध्यांचं मलम मिळालं. चिठ्ठी नव्हती. खोक्याच्या तळापर्यंत शोधली, कागद उलटे करून पाहिले. ठीक आहे.

काल ईस्टर झाला. लाल अंडी आईने रंगवली. अंड्यावर अंडं आपटायला मी माझं उचललं तर ते मुठीत राहीना. आईचं अंडं शेवटपर्यंत फुटलं नाही. तोत्काचं फोडलं, तिच्या नवऱ्याचं फोडलं, आणि टाळ्या पिटत आई म्हणाली, "या वर्षी मला काही होत नाही!" मग माझ्याकडे बघून तिने अंडं खिशात टाकलं.

आईबद्दल तुला काही सांगायचं आहे. ती बरी आहे. फार बरी आहे. चष्म्याशिवाय सुई ओवते. विहिरीवरून दोन बादल्या आणते आणि मला फाटकाशी पाहिलं की एक खाली ठेवून कण्हते. मी फाटकापासून बाजूला झाले की पुन्हा दोन्ही उचलते. मी पडद्याआडून पाहिलंय. मागच्या शनिवारी तिचे केस विंचरत होते, म्हणजे माझी बोटं चालली तेवढे. मानेजवळ, पांढऱ्याखाली, काळे केस आहेत. नवे, आखूड, राठ. माझा कंगवा तिथेच थांबला. तिने डोक्याला रुमाल बांधला आणि त्या दिवसापासून ती मला केस विंचरू देत नाही.

माझी अंगठी कापून काढावी लागली. पेर एवढं सुजलं होतं की बोट निळं पडलं. सोनाराने जोडून दिली, ती मी खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आईच्या बोटात होती. म्हणाली, "हरवू नये म्हणून घातली." तिचं बोट आपल्या लहानपणापासून लाकडासारखं जाड. त्यात ती अंगठी सैल फिरत होती.

डॉक्टरबाईंना फोनवर विचारलं. म्हणाल्या, "अशा तक्रारी पुष्कळ जणी करतात, चालत राहा, गोळी सोडू नका." आईच्या केसांचं विचारलं नाही. कसं विचारणार?

तू तिकडे परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घालतेस. इकडे घरच्याच दोन आहेत. त्यातली आई कोणती ते दिवसेंदिवस ओळखू येईनासं झालंय.

रायना


दोल्नो ब्रेझे, ७ जून, मृतांचा शनिवार

इस्क्रा,

स्मशानातून आत्ताच आले. उकडलेले गहू आणि साखर घेऊन गेलो होतो, बाबांच्या दगडावर ठेवले, दारू शिंपडली. दगडावर आईचं नाव बाबांनंतर लगेच कोरून घेतलं होतं, आठवतं? जन्मसाल आहे, पुढे नुसती रेघ. रेघेनंतरची जागा मी नेहमी टाळते. आज तिथे शेवाळ होतं, आई नखाने खरवडत होती, गुडघ्यांवर बसून. मी उभी होते, कारण बसले तर उठता येत नाही.

शेजारच्या थडग्यापाशी राजधानीहून, सोफियाहून आलेले एक गृहस्थ होते. चांगले, हॅट घातलेले. त्यांनी मला गहू दिले, देव मेलेल्याला क्षमा करो म्हणाले, आणि आईकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "लेक गुणी दिसते हो तुमची. आजकाल कुठे कुणी आईला घेऊन येतं."

आईने ऐकलं. तिची मान वळली नाही, पण नख थांबलं.

मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. मला मरायचं नव्हतं, इस्क्रा, ते मी सगळ्यांना सांगत होते, तुलाही. पण म्हातारंही व्हायचं नव्हतं. मला नुसतं एक्कावन्न वर्षांचं व्हायचं होतं. तेवढंच राहून गेलं. एकोणपन्नासाव्या वर्षी इस्पितळात गेले आणि ऐंशीची होऊन बाहेर आले. मधली वर्षं कुठे गेली म्हणून कुणाला विचारायचं?

आणखी एक आहे. डाव्या पायाच्या घोट्यावर सकाळी एक वळ असतो, गोल, बोटभर रुंद. मोज्याचा असेल म्हणून मोजे सोडले. तरी असतो. दहा वाजेपर्यंत जातो. जागा थंड लागते, लोखंडाला हात लावल्यावर लागते तशी.

त्या दिवशी तू काय म्हणालीस गं? बेडी उघडली तेव्हा? माझं नाव घेतलंस का?

गोळीचं विचारू नकोस. घेते.

रायना


दोल्नो ब्रेझे, १५ ऑगस्ट

इस्क्रा,

आज मारियामातेचा सण. पत्राचं अक्षर बघ! ओळी सरळ आहेत. काल मी चीज भरायच्या बनित्सासाठी पीठ लाटलं, पातळ, पलीकडचं दिसेल इतकं. काज शिवले, सहा, एका बैठकीत. जिना समोर तोंड करून उतरते. घोट्यावर वळ नाही.

खरं सांगते. कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि तुझ्यावर रागावलेली आहे म्हणून तुलाच सांगणं सोपं आहे. एक जुलैपासून मी गोळी बंद केली. मला बघायचं होतं की हे गोळीचं आहे की बेडीचं. दोन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी जागी झाले आणि मुठी उघड्या होत्या. मी पलंगावर बसून रडले. बोटं उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते.

म्हणजे गोळीचंच होतं. तुझ्यावरचा अर्धा आरोप मी मागे घेते. बेडीत बूट घातला होतास तो उरतोच.

तू म्हणशील, वेड लागलंय, पाच वर्षं सांगितली होती. माहीत आहे. रोग परत येऊ शकतो, हे मला इस्पितळातल्या भिंतीला टेकलेल्या बायकांकडे बघून कळलेलं आहे, कुणी कागदावर दाखवायची गरज नाही. पण तू कधी तुझी बोटं दातांनी उघडली आहेस का? मला एक उन्हाळा हवा होता. हा माझा उन्हाळा आहे.

आई थोडी थकली आहे. ऊन फार आहे यंदा. दोन बादल्यांवरून एकीवर आली, मग एकही नाही. सोमवारी विहिरीपाशी बसली ती तिथून उठेना, तोत्काच्या नवऱ्याने उचलून आणली. तुला कळवू नको म्हणाली. म्हणून कळवत नव्हते. परवापासून अंथरुणात आहे. चष्मा मागते.

अंगठी आता तिच्या बोटात रुतली आहे. साबण लावूनही निघत नाही.

डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, "एकोणऐंशी वय आहे, चक्कर येणारच." बरोबरच आहे त्याचं. सगळे आपापल्या जागी बरोबर बोलतात.

रायना


दोल्नो ब्रेझे, २० सप्टेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी मिनीबसवाल्याने हातात दिली. सात महिन्यांत पहिली आणि तीही एका ओळीची. "गोळी घे, आणि बेडीचं आईला विचार." मी ती तीन दिवस एप्रनच्या खिशात ठेवली. मग विचारलं.

अंगणात मिरच्या भाजत होते. आईला खुर्चीवर बसवली होती, मांडीवर घोंगडी. एवढ्या आगीजवळही ती कुडकुडत होती.

म्हटलं, "आई, बेडी कुणी उघडली?"

"कसली बेडी?"

"घोड्याची. या झाडाखाली. माझी सपात आणि ताईचा बूट."

ती मिरचीचं साल काढत बसली. सालाला चिकटून तिचीच कातडी निघेल की काय असं वाटत होतं. मग म्हणाली, "त्या तोत्काची जीभ या तव्यावर ठेवायला हवी."

"ताईने तुला करायला लावलं?"

"तिला काय ठाऊक! ती तुझ्याकडे इस्पितळात संत्री घेऊन गेली होती, बूट दारात राहिले होते. मी नंतर सांगितलं. तासभर रडली. म्हणाली, माझा बूट कशाला घेतलास? म्हटलं, ती बांधलेली तुझ्याशी, मग सोडवायची कुणापासून? पोस्टमनपासून?"

"म्हणजे तू ताईला वाचवलंस. मी मरणारच म्हणून."

तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, लहानपणी दुधाचं भांडं सांडल्यावर पाहायची तसं. "तीस वर्षं शिवणकाम केलंस, पण डोक्यात कापूसच भरलाय. अगं, बेडी जो उघडतो तो त्या जागी येतो ना? इस्क्राला बाजूला केलं आणि तिच्या जागी मी शिरले. तुझ्याशी मी बांधून घेतलं, जिवंतपणी. तिच्याकडे काय होतं तुला द्यायला? तिचं तिलाच पुरत नाही. माझ्याकडे होतं शिल्लक. माझी आई ब्याण्णवला गेली, तिची आई चौऱ्याण्णवला. म्हटलं, देवा, माझी राहिलेली वर्षं पोरीला घाल."

मिरच्या करपल्या.

"मला वाटलं, मी आठवडाभरात जाईन," ती म्हणाली. "दिली म्हणजे संपली. तर उलटंच झालं. उतरवून ठेवल्यासारखं हलकं वाटायला लागलं. तुझ्यासमोर पायऱ्या चढायची लाज वाटायची मला. आणि तू अशी. तुझे हात बघायचे तर ते माझेच. तेव्हा कळलं काय करून बसले ते. मी वर्षं मागितली गं, कोणती ते बोललेच नाही. माझ्याकडे होती ती जुनीच होती. नवी कुठून आणू?"

ताई, मी तिच्या पायाशी बसले. बसता आलं, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. तिच्या डाव्या घोट्यावर मोजा खाली सरकला होता. तिथे वळ होता.

विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"ज्याला दिलं त्याला सांगितलं की दिलेलं परत येतं. म्हणून इस्क्रालाही शपथ घातली होती. पण तू गोळी सोडल्याचं मला कुणी सांगावं लागलं नाही. माझे गुडघेच मला कळवून गेले." आणि मग, अगदी साध्या आवाजात, जेवायला ये म्हणावं तसं, "घे ना गं ती. का सोडलीस? मी दिलेलं तुला इतकं नकोसं झालं का?"

ताई, मी तुला या सात महिन्यांत मनात जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू सगळं ऐकून घेतलंस, मलम पाठवलंस, आणि शपथ पाळलीस. मला माफ कर. तुझी शपथ त्या एका ओळीनेसुद्धा मोडली नाही, हे मी आईला पटवून दिलंय.

सोमवारी शहरात जाते. डॉक्टरबाई रागावतील. रागावू देत.

तुझी रायना


दोल्नो ब्रेझे, २६ ऑक्टोबर

ताई,

अक्षर आईचं आहे, घाबरू नकोस. मी सांगते आणि ती लिहिते. माझ्या बोटांत पेन राहत नाही. चष्मा टेबलावर आहे, तिच्या डोळ्यांवर नाही. (हे कशाला लिहायचं? लिहिलं, तू म्हणतेस म्हणून. आई.)

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या खुर्ची सरकवून माझ्या जवळ बसल्या, ते जास्त वाईट. म्हणाल्या, गोळी सोडणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, पण सोडून परत आलेल्या थोड्यांपैकी आहात. तपासण्या स्वच्छ आल्या. गोळी बदलून दिली, दुसऱ्या नावाची. म्हणाल्या, दुखणं थोडं तरी कमी होईल, आणि दुखलं तरी रोज चाला. नवी सुरू करून पाच आठवडे झाले. तिसऱ्या आठवड्यात मुठी मिटल्या. त्याच सकाळी आई उठली, तोंड धुतलं, आणि दळणाची पिशवी घेऊन गिरणीवर गेली.

आम्ही रोज चर्चपर्यंत चालतो. ती पुढे आणि मी मागे. वळणावर थांबते, मी येईपर्यंत बागेतल्या लोकांशी गप्पा मारते. काल तिथे बसलेल्यांतला एक जण तिला म्हणाला, "आजींना घरी ठेवायचं की, थंडी आहे." तिने त्याला जे उत्तर दिलं ते मी सांगणार नाही. (मी म्हटलं, आजी असेल तुझी बायको. आई.)

बोटं कधी कधी दहा वाजता उघडतात, कधी नऊला. नऊला उघडली की तो दिवस माझा. आरशात बघणं मी सोडलं नाही. रोज बघते. दिसते ती बाई मला आवडत नाही, पण तिच्याशी ओळख झाली आहे. ती कुणाची आहे ते आता माहीत आहे. मला भीती वाटते, ताई. खूप वाटते. आईच्या डोक्यावर जे काळे केस येतात ते कुठून येतात, आणि माझ्याकडे आलेलं कधी संपेल, हे दोन्ही मी मोजायला जात नाही. जुनी असली तरी वर्षं आहेत. मला ती हवी आहेत.

तोत्काने विचारलं, "स्तोयनाकाकू गेल्या की तुला कोण सोडवणार?" कुणी नाही. हे तुला आत्ताच, ती ऐकत असताना, सांगून ठेवते. तू येशील, मला ठाऊक आहे, विमानातून उतरल्या उतरल्या बेडीला हात घालशील. घालायचा नाही. जो उघडतो तो जागी येतो. तुझ्याकडे जे आहे ते तुझंच राहू दे. मी बांधलेलीच बरी.

शेवटी लिही आई, मी सुखात आहे म्हणून.

रायना

इस्क्रा, ती झोपली आहे, दुपारची झोपते आता. तिने सांगितलं ते सगळं लिहिलं, शेवटची ओळसुद्धा, पण ती ओळ खोटी आहे. तुला खोटं कळवायचं नाही, म्हणून खाली माझ्या हाताने लिहिते. गोळी तिने सकाळी माझ्यासमोर गिळली. ती सुखात नाही. पण आहे.

आई